घागरीचं घनफळ : एफवायच्या कॅल्क्युलस मिनी प्रोजेक्टच्या नोंदी

९ जानेवारी

आज विषय लिहून द्यायचे होते. मॅडमची अट एकच, वर्गात झालेलं कॅल्क्युलस कशावर तरी वापरून दाखवायचं आणि ती वस्तू स्वतः मोजलेली पाहिजे, नेटवरून डेटा उचललेला चालणार नाही. निम्म्या वर्गाने चहा थंड होण्याचा विषय घेतला, न्यूटनचा कूलिंगचा नियम, थर्मामीटर घालून बसायचं, दर दोन मिनिटांनी आकडा लिहायचा, संपला विषय. आम्ही पाण्याची घागर घेतली. पार्टनर म्हणाली बादली घेऊ, सोपी आहे, पण बादली म्हणजे फ्रस्टम, टोक कापलेला शंकू, त्याचा फॉर्म्युला दहावीपासून पाठ आहे मग त्यात इंटिग्रेशन कशाला हवं. घागरीला फॉर्म्युलाच नाही. बुड वेगळं, पोट वेगळं, गळा आत वळलेला. वर्गातलं प्रत्येक गणित "समजा एफ ऑफ एक्स इज इक्वल टू" असं सुरू होतं आणि इथे तो एफ कुणीच दिलेला नाहीये, म्हणूनच मला हा विषय आवडला.

प्लॅन डिस्क मेथडचा. आडव्या चकत्या पाडायच्या, प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, सगळ्यांची बेरीज. त्रिज्या मोजायची तर घागरीच्या आत पट्टी जात नाही, पण बाहेरून टेपने घेर मोजता येतो, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४ पाय (π). त्रिज्या मध्ये आणायचीच गरज नाही. घेराचा वर्ग उंचीवर इंटिग्रेट करायचा आणि शेवटी एकदाच ४ पायने, म्हणजे १२.५६६ ने भागायचं.

१४ जानेवारी

संक्रांतीला सासवडला घरी. आज्जीची तांब्याची घागर माळ्यावरून काढली, चिंचेने घासून दिली तिनेच, मला घासू दिली नाही. कशाला पाहिजे विचारलं तर म्हटलं कॉलेजला मोजायचीय. "मोजायचं काय त्यात, बारा लिटरची आहे ती, घेतली तेव्हाच सांगितलं होतं. पोचा पाडून आणू नको म्हणजे झालं." बारा हा आकडा लिहून ठेवलाय, शेवटी ताडून बघू. एसटीत मांडीवर घेऊन आणली, कंडक्टरने लग्न कुणाचं विचारलं.

१९ जानेवारी

मोजमाप. खरं काम हेच आहे, बाकी सगळं कॅल्क्युलेटरचं.

टेप गुंडाळताना ती सरळ आडवी आहे हे कसं कळणार हा पहिला प्रश्न, कारण उतरत्या पोटावर टेप आपोआप घसरते आणि तिरकी बसते. उपाय पार्टनरचा. घागर कडप्प्याच्या सपाट ओट्यावर ठेवली, शेजारी वह्यांचा गठ्ठा, त्यावर मार्कर पक्का चिकटवला, टोक घागरीला टेकेल असा, आणि घागर जागच्या जागी फिरवली. झाली आडवी रेघ. मग गठ्ठा ३ सेंटीमीटरने वाढवायचा, परत फिरवायची. बुडापासून गळ्याच्या सगळ्यात अरुंद जागेपर्यंत बरोबर २४ सेंटीमीटर भरले म्हणून ३-३ चे आठ भाग पाडले. आठ मुद्दाम, सिम्पसनच्या नियमाला (तीन-तीन बिंदूंतून पॅराबोला काढून बेरीज करायची पद्धत) भागांची सम संख्या लागते.

टेलरची कापडी टेप ताणली जाते म्हणून ती आधी स्टीलच्या पट्टीवर लावून तपासली. आणि ही घागर मठाराची आहे, म्हणजे सगळीकडे हातोडीच्या ठोक्यांचे चट्टे, त्यामुळे टेप उंचवट्यांवरून जाते आणि घेर किंचित जास्त येणार हे आत्ताच लिहून ठेवतो.

घेर सेंटीमीटरमध्ये, खालून वर : ० वर ४७, ३ वर ६६, ६ वर ८०, ९ वर ८८, १२ वर ९१, १५ वर ८८, १८ वर ७८, २१ वर ६०, २४ वर ४४.

२३ जानेवारी

वर्गात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, चालू आहे. सेम सुरू झाल्यापासून सगळे त्यालाच वैतागलेत, "प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे पण का म्हणायचं ते कुणाला सांगता येत नाही. आज मी मॅडमना घागरीचे आकडे दाखवायला गेलो तर त्यांनी उलट प्रश्न टाकला, उत्तर किती मिलीपर्यंत बरोबर पाहिजे तुम्हाला? मी म्हटलं ५० मिली. मग म्हणाल्या आता सांगा टेप किती बारीक वाचायला लागेल.

बसून काढलं. क्षेत्रफळ घेराच्या वर्गावर जातं, म्हणून घेरात १ टक्का चूक म्हणजे घनफळात २ टक्के चूक, हे डिफरेन्शियल्सच्या चॅप्टरमधलं सरळ. घागर अंदाजे ११ लिटर धरली तर ५० मिली म्हणजे साधारण ०.४५ टक्के, म्हणजे घेर ०.२३ टक्क्यात पाहिजे, ८० सेंटीमीटरच्या घेराला जेमतेम पावणेदोन मिलीमीटर. आम्ही वाचतोय अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत. सगळी रीडिंग एकाच बाजूला अर्धा सेंटीमीटर चुकली तर जवळजवळ १४० मिली इकडे तिकडे. एप्सिलॉन समोरचा माणूस ठरवतो, डेल्टा आपण शोधायचा, आणि एप्सिलॉन कमी केला की परत डेल्टा शोधायला बसायचं. वर्गात हे असं का सांगत नाहीत देव जाणे, मॅडम म्हणाल्या सिलॅबसमध्ये पहिल्या युनिटला मोजमाप नाहीये.

आज टेप परत लावली, शक्य तिथे मिलीमीटरपर्यंत वाचून. वरचे आकडे पूर्णांकात गोल केलेले आहेत, मिलीमीटर धरून फारसा फरक पडत नाहीये म्हणून रिपोर्टमध्ये तेच ठेवतोय.

२ फेब्रुवारी

आज बेरीज. ट्रॅपेझॉइडच्या नियमाने, म्हणजे दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ धरून, ११.०५ लिटर. सिम्पसनने ११.१० लिटर, घनसेंटीमीटरमध्ये ११,०९७.

पण जास्त मजा आली ती कमी रीडिंग घेऊन बघताना. फक्त तीन घेर घेतले, बुड, मध्य, गळा, तर सिम्पसन ११.८६ सांगतो, पाऊण लिटर जास्त. पाच घेतले तर ११.२४. नऊला ११.१०. आकडा खाली खाली येतोय आणि उडी लहान होत चाललीय, आधी ०.६२ ची मग ०.१४ ची. रीमान सम, म्हणजे तुकड्यांची बेरीज, लिमिटला जातो म्हणतात तो हाच, फक्त फळ्यावर एन टेन्ड्स टू इन्फिनिटी लिहायला एक सेकंद लागतो आणि इथे प्रत्येक वेळी गठ्ठ्यात वही घालून घागर फिरवायला लागते. दीड-दीड सेंटीमीटरवर सतरा घेर घ्यायचा विचार केला होता पण आता टेपची चूक त्या उडीपेक्षा मोठी आहे, त्यामुळे अजून बारीक चकत्या पाडून हाती काही लागणार नाही.

पार्टनरने नऊ बिंदूंतून जाणारी आठव्या डिग्रीची पॉलिनॉमियल जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये काढली. ग्राफ दिसायला भारी आहे पण माझं मत असं की ती घागर नाहीये. दोन बिंदूंच्या मधे तो कर्व्ह काय करतो त्याला आपल्याकडे काही आधार नाही. तिचं म्हणणं सिम्पसन पण मधे पॅराबोलाच गृहीत धरतो की, मग फरक काय. मुद्दा बरोबर आहे तिचा. फरक एवढाच की लहान तुकड्यावर पॅराबोला फार भरकटू शकत नाही. ग्राफ रिपोर्टमध्ये घेतोय, उत्तर सिम्पसनचंच.

तीन घेरवाली ट्रिक जुनी आहे. सिम्पसन जन्मला १७१० मध्ये, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी केप्लरने हेच दारूच्या पिंपांसाठी केलं होतं, आणि जर्मनीत अजून या नियमाला केप्लरच्या पिंपाचंच नाव आहे. ग्रहांच्या कक्षांवाला केप्लर तो हाच. त्याचं जास्त उद्या-परवा लिहितो, मॅक्झिमा-मिनिमाच्या युनिटला ते चपखल बसतंय.

६ फेब्रुवारी

केप्लरची गोष्ट. १६१३ मध्ये ऑस्ट्रियात लिंझला राहत असताना त्याचं दुसरं लग्न झालं, घरात वाइनची पिंपं आली. विकणाऱ्याने पिंपाच्या मधल्या भोकातून एक काठी तिरकी घातली, लांबच्या कोपऱ्याला टेकवली, किती भिजली ते बघितलं आणि त्यावरून किंमत सांगितली. केप्लर चक्रावला, कारण लांबुळकं बारीक पिंप असलं तरी काठी तेवढीच भिजेल पण वाइन कमी असेल. त्याने त्यावर १६१५ मध्ये अख्खं पुस्तक छापलं. न्यूटनचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता, डेरिव्हेटिव्ह ही भानगडच नव्हती.

आम्ही ते डेरिव्हेटिव्हने केलं. पिंप साधं सिलिंडर धरायचं, भोक बाजूच्या बरोबर मध्यात. काठीचा वर्ग बरोबर अर्ध्या लांबीचा वर्ग अधिक व्यासाचा वर्ग, पायथागोरस. काठी फिक्स ठेवली तर घनफळ एकट्या लांबीचं फंक्शन होतं. डेरिव्हेटिव्ह शून्य टाकलं की लांबी येते व्यासाच्या रूट टू पट, १.४१ पट. आणि केप्लरला दिसलं ते हे की ऑस्ट्रियातली पिंपं या मापाच्या जवळच बनवतात, म्हणून काठीची पद्धत चालून जाते. लांबी १० टक्के वाढवून बघितली, काठी तेवढीच ठेवून, तर घनफळ फक्त दीड टक्क्याने कमी झालं. मॅक्झिमम पॉइंटला टँजंट आडवी असते म्हणजे तिथे थोडं इकडे तिकडे सरकलं तरी फरक जाणवत नाही, हे केप्लरने डेरिव्हेटिव्हशिवाय बघितलं होतं. परीक्षेत आपण एफ डॅश शून्य करतो, सेकंड डेरिव्हेटिव्ह निगेटिव्ह दाखवतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढे जातो. तो आडवेपणा कुठे उपयोगी पडतो ते विचारतच नाही कुणी.

१३ फेब्रुवारी

कसबा पेठेत तांबट आळीला जाऊन आलो. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचे आवाज येतात. एका काकांना घागरीचा फोटो दाखवून विचारलं की एवढी घागर किती लिटरची ते तुम्ही कसं ठरवता. ते म्हणाले लिटर कशाला, तांबं वजनावर विकलं जातं, किलोचा भाव आणि वर मजुरी. आकार हाताला माहीत असतो. मठार का करतात विचारलं, नुसतं शोभेला असेल असं मला वाटत होतं, तर म्हणाले ठोकून पत्रा कडक होतो, पातळ पत्रा पण दबत नाही मग.

पत्रा पातळ हे ऐकून लक्षात आलं की आमचे सगळे घेर बाहेरून घेतलेत. पत्र्याची जाडी वजा करायला हवी. गळ्यातून व्हर्नियर कॅलिपर आत घालून काठाची जाडी मिळेल पण काठ दुमडलेला असतो, पोटाची जाडी नाही मिळणार. वजनावर विकतात हेच वाक्य कामाला आलं, परतताना बसमध्ये सुचलं, घागर तोलायची.

१६ फेब्रुवारी

कॉलेजजवळच्या किराणा दुकानात तोलली, १.७४ किलो. तांब्याची घनता ८.९६, म्हणजे घागरीत तांबं साधारण १९४ घनसेंटीमीटर. आता हे तांबं किती पृष्ठभागावर पसरलंय ते काढलं की जाडी मिळाली. पृष्ठभागासाठी चकतीची उभी उंची चालत नाही, तिरकी लांबी घ्यावी लागते, आर्क लेंग्थचा फॉर्म्युला, ज्याचा वर्गात एकही प्रश्न नीट सुटत नाही कारण रूटखाली काहीतरी भयंकर येतं. इथे काही भयंकर नाही, प्रत्येक तुकड्याला पायथागोरस लावायचा. बुड धरून २४ सेंटीमीटरपर्यंत २,२८० चौरस सेंटीमीटर आले, त्याच्या वर गळा आणि दुमडलेला काठ मिळून अंदाजे ४०० धरले. भागाकार केला तर जाडी ०.७ मिलीमीटरच्या आसपास. गळ्याखालच्या भागात तांबं मग १६५ मिली. ११,०९७ वजा १६५, आतलं घनफळ १०.९३ लिटर.

इथे एक गोष्ट मला जाम आवडली. पृष्ठभाग गुणिले जाडी म्हणजे घनफळातला बदल, म्हणजे घनफळाचं डेरिव्हेटिव्ह हे पृष्ठफळच आहे. गोलाला तर उघड दिसतं, चार तृतीयांश पाय आर क्यूब डिफरेन्शिएट करा, चार पाय आर स्क्वेअर. मॅडमना दाखवलं तर त्यांनी भास्कराचार्य काढले. त्यांनी हे उलट्या बाजूने केलंय, गोलाच्या पृष्ठावर छोटे छोटे तळ घ्यायचे, प्रत्येकावर केंद्रात टोक असलेली सूची (पिरॅमिड) उभी करायची, सगळ्या सूच्यांची बेरीज म्हणजे गोल, म्हणून घनफळ बरोबर पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. साल ११५० च्या सुमाराचं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, पार्टनरचे मामा चाळीसगावला असतात आणि तिला हे माहीत नव्हतं.

२२ फेब्रुवारी

पाणी भरलं. केमिस्ट्री लॅबमधून एक लिटरचा मेजरिंग सिलिंडर मिळवला, लॅब असिस्टंट काकांना आधी वाटलं आम्ही तांब्याची रिअॅक्शन करणार आहोत. गळ्याच्या अरुंद जागेला आतून खूण करून तिथपर्यंत भरलं : १०.८८ लिटर. हिशोब १०.९३. फरक ५० मिली, अर्धा टक्का.

पार्टनर उड्या मारायला लागली पण मला वाटतं आपलं नशीब थोडं चांगलं होतं. टेपची चूक बघता १०० मिलीचा फरक आला असता तरी तक्रार करायला जागा नव्हती. हिशोब जास्त येतोय, कमी नाही, हे मात्र मठारामुळे असणार असं मी आधी लिहिलंच होतं. रिपोर्टमध्ये "अचूक" हा शब्द घालायचा नाही यावर आमचं एकमत झालं, बऱ्याच वादानंतर.

मग तसंच काठोकाठ भरलं, गळ्यासकट. पावणेबारा लिटर. आज्जीला फोन केला, म्हटलं अगं पाव लिटर कमी आहे तुझ्या बारापेक्षा. म्हणाली, "काठोकाठ भरून डोक्यावर कोण घेतं रे, हिंदकळतं ते सगळं पदरावर." म्हणजे बारा हा आकडा दुकानदाराचा, वापरायची घागर अकराचीच.

२४ फेब्रुवारी

रिलेटेड रेट्स. हॉस्टेलच्या नळाने १० लिटरची बादली ८० सेकंदात भरली, म्हणजे सेकंदाला १२५ मिली. नळ तोच ठेवून पाइप लावून घागरीत पाणी सोडलं, आत स्टीलची पट्टी उभी, वरून मोबाइलने व्हिडिओ. पाण्याची पातळी चढायचा वेग म्हणजे १२५ भागिले त्या उंचीचं क्षेत्रफळ. पोटाला क्षेत्रफळ ६५९, वेग सेकंदाला ०.१९ सेंटीमीटर. गळ्याला १५४, वेग ०.८१. सव्वाचार पट. व्हिडिओत पोटाजवळ ११ ते १३ सेंटीमीटर जायला दहा-अकरा सेकंद लागतात आणि गळ्याखालचे शेवटचे दोन सेंटीमीटर तीन सेकंदात उडतात.

व्हिडिओचा आवाज चालू ठेवून बघितलं तर अजून एक सापडलं. घागर भरताना आवाज वर चढत जातो हे सगळ्यांना माहीत आहे, आतली हवा कमी होते म्हणून. पण तो एकसारखा चढत नाही, बराच वेळ सावकाश आणि शेवटी एकदम झपकन. शेवटी घाई होते त्याचं एक कारण हेच असणार की गळ्याशी पातळीच झपाट्याने चढते. आज्जी पाठमोरी असूनही नळ वेळेवर बंद करते. आवाजाचं गणित वेगळं आहे, ते या पेपरात येत नाही, रिपोर्टमध्ये एक ओळ टाकतोय फक्त.

३ मार्च

मीन व्हॅल्यू थिअरम, इंटिग्रल्सचा. ११,०९७ भागिले २४ म्हणजे सरासरी क्षेत्रफळ ४६२, तेवढा घेर ७६.२ सेंटीमीटर. थिअरम म्हणतो असा घेर कुठेतरी असलाच पाहिजे. घागरीवर तो दोनदा आहे, एक खाली ५ च्या आसपास आणि एक १८ च्या थोडं वर. टेप लावून दोन्ही जागी लाल रेघ मारली. थिअरमला एक पुरे, आम्हाला जास्तीची एक मिळाली. टायपिंग चालू आहे, समीकरणं टाइप करताना जीव जातोय.

१० मार्च

व्हायवा झाला. एक्स्टर्नल सरांनी रिपोर्ट चाळला, तीन घेरांच्या ११.८६ वर बोट ठेवलं आणि विचारलं, हाच नियम मी गोलाला लावला तर किती चूक येईल? पार्टनर लगेच कागदावर उतरली. खालचं क्षेत्रफळ शून्य, वरचं शून्य, मधलं पाय आर स्क्वेअर, त्याची चौपट, भागिले सहा, गुणिले उंची टू आर. चार तृतीयांश पाय आर क्यूब. चूक शून्य. सर म्हणाले मग घागरीला का चुकला? मी म्हटलं गोलाचं क्षेत्रफळ उंचीचं क्वाड्रॅटिक असतं आणि सिम्पसन क्यूबिकपर्यंत अचूक आहे, शंकूलासुद्धा चालतो. घागर मात्र तांबटाने हाताने वळवलीय, ती कुठल्या डिग्रीची ते त्यालाही सांगता येणार नाही. सर हसले. मग त्यांनी नवा प्रश्न टाकला, घागर तिरकी धरून पाणी गळ्याशी आलं की आत किती उरतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग घागरीला तिरका कापतो, चकत्या गोल राहत नाहीत, घेरावरून क्षेत्रफळ काढता येत नाही. सर म्हणाले दुसऱ्या वर्षाला डबल इंटिग्रल येतं, तोपर्यंत घागर सांभाळून ठेवा.

मार्क अजून लागले नाहीत. मार्करच्या रेघा स्पिरिटने निघाल्या, लाल मात्र दोन्ही राहिल्यात, चिंच लावून बघतो.